तोट्याची अफरातफर : शब्द बदलून लिहिलेल्या एका बातमीचं प्रकरण

सकाळी साडेसातला दाभोळहून फोन आला. बोलणारे गृहस्थ अजिबात चिडलेले नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यात चिडलेला वाचक परवडतो, शांत बोलणारा परवडत नाही. "तुमच्या पेपरात वाचलं, एन्रॉनचा प्रकल्प दापोली तालुक्यात, आमच्या गावात आहे म्हणून. जन्म इथे गेला, मला काही अजून दिसला नाही. तुम्ही या, दाखवा. चहा माझ्याकडे."

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या ज्या वीजप्रकल्पाला अख्खा महाराष्ट्र 'दाभोळ प्रकल्प' म्हणतो, तो दाभोळमध्ये नाही. तो वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. दाभोळ गाव उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. मधे खाडी, आणि धोपाव्याला नेणारी फेरीबोट. कंपनीचं नाव 'दाभोळ पॉवर कंपनी' असल्यामुळे गावाला नाव मिळालं, बाकी सगळं पलीकडे राहिलं. हे आमच्या कार्यालयातल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. तरी आमच्याच पानावर ते चुकलं. का चुकलं ते शोधताना त्याच बातमीत आणखी पाच चुका सापडल्या, आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच निघालं : शब्द बदलणं.

झालं काय

आमचं दैनिक लहान. गठ्ठे रात्रीच्या एसटीने जातात, त्यामुळे पान वेळेत सुटलं नाही तर राजापूरचा वाचक दुपारी पेपर वाचतो. १ डिसेंबरच्या संध्याकाळी चौथ्या पानावर एक जाहिरात रद्द झाली आणि तीन कॉलमचं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी एन्रॉनच्या दिवाळखोरी अर्जाचा वाढदिवस. अर्ज २ डिसेंबर २००१ चा. संपादकांनी कुठून तरी आलेला एक लेख मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "जरा शब्द बदलून घ्या."

ही सूचना आमच्या धंद्यात रोजची आहे, म्हणून तिच्याकडे कोणी निरखून बघत नाही. आमची शिकाऊ उपसंपादक वेलदूरची, मच्छीमार घरातली, हुशार मुलगी. तिच्या हातात चाळीस मिनिटं होती. तिने संगणकावर समानार्थी शब्द सुचवणारं एक साधन उघडलं, शाळेत शिकलेला नियम आठवला ('एकच शब्द दोनदा आला की गुण जातात') आणि कामाला लागली. पान मीच तपासलं. भाषा छान वाटली. म्हणून सोडलं.

मुळातला मजकूर थोडक्यात असा होता :

"एन्रॉनने कर्ज आणि तोटा ताळेबंदाबाहेरच्या संस्थांमध्ये दडवला. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मे २००६ मध्ये ज्युरीने कंपनीचे माजी प्रमुख केनेथ ले आणि जेफ्री स्किलिंग यांना दोषी ठरवलं. अँडरसन या लेखापरीक्षण संस्थेने एन्रॉनची कागदपत्रं नष्ट केली होती."

आणि आमच्याकडे छापून आला तो असा :

"एन्रॉनने तोट्याची अफरातफर करून पैसा बनावट कंपन्यांत वळवला. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीचं दिवाळं वाजलं व दापोली तालुक्यातील दाभोळचा प्रकल्प बंद पडला. मे २००६ मध्ये ले आणि स्किलिंग या गुन्हेगारांना गजाआड करण्यात आलं. सहआरोपी अँडरसनने पुरावे जाळले होते."

वाचायला दुसरा परिच्छेद सरस आहे. लय आहे, जोर आहे. आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खोटं आहे.

एकेक शब्द

अफरातफरीपासून सुरू करतो, कारण त्या शब्दावर आम्ही दोघं सगळ्यात जास्त वेळ अडलो. अफरातफर व्हायला आधी पैसा लागतो, आणि तो ज्याच्या ताब्यात विश्वासाने दिलाय असा माणूस लागतो. सोसायटीच्या सचिवाने शिल्लक खिशात घातली, ती अफरातफर. तोट्याची अफरातफर कशी करणार? तोटा कोण चोरतो?

मी तिला हे कायद्याच्या भाषेत सांगायला लागलो. फसवणूक, विश्वासघात आणि अपहार हे भारतीय न्याय संहितेत तीन निरनिराळे गुन्हे आहेत (कलमं अनुक्रमे ३१८, ३१६ आणि ३१४). जुन्या दंड संहितेतही ते वेगळेच होते. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग तीच म्हणाली, "सर, म्हणजे वाट्यासारखं का? बाजारात बांगड्याचा वाटा लावताना वर मोठे, खाली बारके ठेवले, ती फसवणूक. आणि तांडेलाने मालकाची मासळी परस्पर समुद्रातच दुसऱ्या होडीला विकली, तो अपहार?"

"अगदी. आणि एन्रॉनने काय केलं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उधारीची वही मेव्हण्याच्या घरात ठेवली. बँकेचा माणूस आला की स्वतःच्या घरातली वही दाखवली."

पंचवीस वर्षं बातम्या लिहून मला इतकं नेमकं सुचलं नसतं. एन्रॉनने कर्जं आणि पडत्या भावाची मालमत्ता स्वतःपासून कागदोपत्री वेगळ्या संस्थांच्या नावावर ठेवली. त्या संस्था बनावट नव्हत्या. रीतसर नोंदलेल्या होत्या. तेव्हाच्या अमेरिकी हिशेबपद्धतीत अशी संस्था ताळेबंदाबाहेर ठेवायची, तर तिच्यात बाहेरच्या गुंतवणूकदाराचं किमान ३ टक्के भांडवल खरंच असायला लागायचं. चेवको नावाच्या संस्थेत ते पुरेसं नव्हतं, हे नंतर उघड झालं. म्हणजे मेव्हणा खरा होता, पण तो वेगळ्या चुलीचा नव्हता. 'बनावट कंपनी' म्हटलं की वाचकाला नुसती पाटी लावलेली रिकामी खोली दिसते, आणि खरा गुन्हा जिथे होता तिथून नजर हटते. 'ताळेबंदाबाहेर' हा शब्द रुक्ष आहे, पण सगळं प्रकरण त्या एका शब्दात आहे. तोच तिने पहिल्यांदा उडवला होता, कारण त्याला समानार्थी शब्द सापडला नाही.

इथे एक गुंता आहे, तोही सांगतो. अँड्र्यू फास्टो हा एन्रॉनचा वित्तप्रमुख. या संस्थांपैकी काही तोच चालवत होता आणि त्यातून त्याने स्वतःही कमावलं. जानेवारी २००४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि सुमारे २.४ कोटी डॉलर सोडून द्यायचं मान्य केलं. त्याच्याबद्दल लिहिताना 'मालकाचा माल परस्पर' या अर्थाचा शब्द जवळ येतो. म्हणजे एकाच घोटाळ्यात एकाला एक शब्द लागू पडतो, दुसऱ्याला नाही. 'घोटाळा' हा शब्द म्हणूनच मला आवडतो. मराठीत त्याचा मूळ भाव गोंधळाचा आहे, आपण अजूनही 'नावांचा घोटाळा झाला' म्हणतो. तो कोणावर नेमका गुन्हा ठेवत नाही. मथळ्यात चालतो, पण मजकुरात त्याच्या मागे नेमकं क्रियापद हवंच : कर्ज दडवलं, आकडे फुगवले, पैसे काढले. सत्यम या हैदराबादच्या संगणक कंपनीत रोकड फुगवलेली होती, एन्रॉनमध्ये कर्ज दडवलेलं. दोन्हीला 'आकड्यांची हेराफेरी' म्हटलं की दोन्ही प्रकरणं एकसारखी दिसायला लागतात.

'दिवाळं वाजलं' हे त्याहून सोपं. एन्रॉनने अमेरिकी कायद्याच्या ज्या प्रकरणाखाली अर्ज केला, त्यात कंपनी धनकोंपासून संरक्षण मागते आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली चालू राहते. आपल्याकडे २०१६ च्या संहितेने नादारी, दिवाळखोरी आणि अवसायन हे शब्द वेगवेगळ्या पायऱ्यांसाठी ठेवले आहेत. अवसायनात कंपनी मोडीत निघते, नादारीत ती निघेलच असं नाही. 'अर्ज केला' या दोन शब्दांत जी माहिती होती, ती 'वाजलं' या एका शब्दाने पुसली.

आणि तो 'व'. मला त्याचा राग सगळ्यात जास्त येतो, कारण तो कोणत्याही शब्दकोशातून आलेला नाही. मूळ लेखात प्रकल्पाचा उल्लेख चार परिच्छेदांनंतर होता. तिने जागा वाचवायला तो वर आणला आणि दोन घटनांमध्ये 'व' घातला. वाचणाऱ्याला वाटलं, अमेरिकेत कंपनी बुडाली म्हणून गुहागरची भट्टी विझली. क्रम उलटा आहे. वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ चा, ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने रद्द केलेला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर पुन्हा उभा राहिलेला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. विजेचा दर आणि थकलेली बिलं यावरून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी बिनसलं, आणि मे २००१ अखेर प्रकल्प थांबला. त्या वेळी अमेरिकेतल्या ह्यूस्टनची मूळ कंपनी शेअर बाजारात ताठ उभी होती. अर्जाला अजून सहा महिने होते. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे प्रकल्प गेला.

आमच्या पंचक्रोशीत 'एन्रॉनचा घोटाळा' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर ह्यूस्टन येतच नाही. वेलदूरला १९९७ सालचं आंदोलन आणि पोलिसांच्या लाठ्या येतात, महागडी वीज येते, जमिनी येतात. आमच्या शिकाऊ मुलीची आजी त्या कंपनीला अजून 'एन्रान' म्हणते आणि ते जवळजवळ शिवीसारखं म्हणते. त्या घोटाळ्याचे शब्द निराळे आहेत. करारावर आरोप पुष्कळ झाले. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये एकामागून एक आलेल्या सरकारांच्या कारभारावर ठपका ठेवला. लाचेचा आरोप मात्र न्यायालयात कोणावर शाबीत झाला नाही. ह्यूस्टनच्या निकालाचे शब्द उचलून अंजनवेलच्या करारावर डकवणं ही कोकणातल्या पत्रकारांची जुनी सवय आहे. मीही केलेलं आहे.

ठपक्यावरून आठवलं. त्या साधनाने 'आरोप' या शब्दाला 'ठपका' आणि 'ताशेरे' हे पर्याय दिले होते. आरोप कोणीही करतो. ठपका ठेवायला चौकशी झालेली असावी लागते. ताशेरे ओढतं ते न्यायालय किंवा लेखापरीक्षणाचा अहवाल. तीन शब्द, तीन वेगळी माणसं बोलताहेत. याच साधनाने 'कंपनी'ला 'पलटण' सुचवलं होतं, ते तिने घेतलं नाही हे आमचं नशीब.

ले यांचं काय करायचं

'दोषी'च्या जागी 'गुन्हेगार', 'दोषी ठरवलं'च्या जागी 'गजाआड'. वरवर बघता फार मोठी उडी वाटत नाही. दोषी माणूस गुन्हेगारच, आणि गुन्हेगार जातो कुठे?

केनेथ ले कुठेच गेले नाहीत. २५ मे २००६ ला ज्युरीने निकाल दिला, शिक्षा शरद ऋतूत सुनावली जाणार होती, आणि ५ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. अपील करण्याचा हक्क बजावण्याआधीच आरोपी मरण पावला तर दोषसिद्धी टिकत नाही, या तिथल्या तत्त्वानुसार ऑक्टोबर २००६ मध्ये न्यायाधीशांनी ती रद्द केली. म्हणजे कायद्याच्या वहीत आज ते दोषी नाहीत. निर्दोष मुक्तताही झालेली नाही. निर्दोष मुक्तता म्हणजे खटला ऐकून सोडलेलं. दोषमुक्त म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच सोडलेलं. ले या दोन्हींत बसत नाहीत. मराठीतच काय, कुठल्याही भाषेत या अवस्थेला एक शब्द सापडेल असं मला वाटत नाही. त्याला वाक्य लागतं : "ज्युरीने दोषी ठरवलं होतं, शिक्षेआधीच मृत्यू झाल्याने दोषसिद्धी रद्द झाली." दहा शब्द गेले तर जाऊ देत.

स्किलिंग यांच्या बाबतीत 'गजाआड' खरं आहे, पण मे महिन्यात नाही. २८ पैकी १९ आरोपांत ते दोषी ठरले, ९ मध्ये सुटले. ऑक्टोबरमध्ये २४ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा झाली, तुरुंगात गेले ते डिसेंबर २००६ मध्ये. २०१३ मध्ये शिक्षा १४ वर्षांवर आली. 'सर्व आरोप सिद्ध' असं आमच्या मथळ्याच्या पहिल्या मसुद्यात होतं, ते सुदैवाने जागेअभावी उडालं.

आपल्याकडचंच उदाहरण घेतलं तर ही शिडी जास्त स्पष्ट दिसते. सत्यमच्या रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी स्वतः पत्र लिहून आकडे फुगवल्याचं मान्य केलं. तरीही एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत बातमीत त्यांच्यासाठी योग्य शब्द 'आरोपी' हाच होता. सहा वर्षं. कबुली पत्रात दिली, न्यायालयात नव्हे. उपसंपादकाला हे पोटात दुखल्यासारखं होतं, मान्य आहे. पण तक्रार, गुन्हा दाखल, अटक, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती, निकाल, अपील या सात पायऱ्यांपैकी बातमी ज्या पायरीवर उभी आहे तिथलाच शब्द घ्यायचा. 'सुंदर' शब्द बहुधा पुढच्या पायरीवरचा असतो.

अँडरसनचं त्यामानाने लवकर आटपतं. कागद फाडयंत्रात घातले होते, जाळले नव्हते. ती संस्था एन्रॉनच्या अधिकाऱ्यांची सहआरोपी नव्हती, तिच्यावर २००२ मध्ये वेगळा खटला चालला. ज्युरीने न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं, आणि ३१ मे २००५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. ज्युरीला दिलेल्या सूचनाच सदोष होत्या. तोवर संस्था होत्याची नव्हती झालेली. 'कागदपत्रं' या साध्या शब्दाला 'पुरावे' केलं की निकाल आपणच देऊन मोकळे होतो.

मग शब्द बदलायचेच नाहीत?

तिने हेच विचारलं, जरा रडकुंडीला येऊन. "सर, तसंच्या तसं छापलं असतं तर चोरी झाली असती ना?"

झाली असती. पण आम्ही जे केलं तीही चोरीच होती. दुसऱ्याच्या घराचा आराखडा तोच ठेवून फक्त रंग बदललेला. घटना कोणाच्या मालकीच्या नसतात. आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो असं म्हटलं आहे. मालकी मांडणीवर असते. आपण नेमकं उलट केलं : मांडणी त्याची उचलली आणि घटना बदलल्या.

मग तिला मोबाइल उलटा ठेवायला लावला. एका कागदावर फक्त तारखा, आकडे आणि 'कोणी काय केलं' एवढं लिहायचं. क्रियापदं जशीच्या तशी : दडवलं, अर्ज केला, दोषी ठरवलं, रद्द केलं. हे शब्द कोणा लेखकाचे नाहीत. हातोडीला हातोडीच म्हणावं लागतं. त्यानंतर बातमी आपल्या वाचकाच्या दारातून सुरू करायची. तिने अर्ध्या तासात लिहिलं ते असं :

"अंजनवेलचा प्रकल्प मे २००१ अखेर थांबला, तेव्हा ह्यूस्टनची मूळ कंपनी उभी होती. ऑक्टोबरमध्ये तिने एका तिमाहीचा ६१.८ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. नोव्हेंबरमध्ये १९९७ पासूनचे नफ्याचे आकडे दुरुस्त करून घटवले. २ डिसेंबरला दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. जी कर्जं तिच्या ताळेबंदात दिसायला हवी होती, ती कागदोपत्री वेगळ्या संस्थांच्या नावावर होती."

यात मूळ लेखातलं एकही वाक्य नाही, आणि समानार्थी शब्दही एक नाही. 'कंपनी', 'ताळेबंद', 'दोषी' हे शब्द पुढे पाच-पाच वेळा आले. मी एकही बदलू दिला नाही. मराठीच्या बाईंनी गुण कापले असते.

'कथित' हा शब्द मात्र मी काढायला लावला. तिने घाबरून तो सगळीकडे पेरला होता : कथित घोटाळा, कथित कर्ज, एका ठिकाणी कथित दिवाळखोरी. न्यायालयात दाखल झालेला अर्ज कथित कसा असेल? कथित म्हणजे आपलं 'म्हणे'. आजी 'म्हणे' कुठे लावते ते बघ, म्हटलं. जे स्वतः पाहिलं नाही आणि सांगणारा सांगता येतो, तिथेच लावते.

शुद्धिपत्र

दाभोळच्या गृहस्थांना मी संध्याकाळी उलट फोन केला. त्यांना फक्त तालुक्याशी कर्तव्य होतं, ले यांच्याशी नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दहा ओळींचं शुद्धिपत्र लावलं.

संपादकांनी पाठवलेल्या मसुद्यात "मुद्रणदोषामुळे काही तपशील अनवधानाने निसटले" असं होतं. मी केबिनमध्ये गेलो. मुद्रणदोष म्हणजे छापखान्यातला अक्षराचा खिळा उलटा लागणं. इथे यंत्राचा काय दोष? आणि निसटलं काहीच नव्हतं, आम्ही घातलं होतं. ते म्हणाले, "अहो, अर्थ तोच ना?" मी काही बोललो नाही, नुसता कालचा अंक त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, 'मुद्रणदोष' खोडून 'त्रुटी' लिहिलं. मी उभाच राहिलो. मग 'त्रुटी' खोडून 'चूक' लिहिलं, 'निसटले' खोडून 'चुकीचे छापले' लिहिलं, आणि 'अनवधानाने' मात्र ठेवलं. त्यावर मी वाद घातला नाही, एसटीची वेळ झाली होती.